तोडलेलं पाणी

हनुमान जयंतीचा सप्ताह उठला. मांडवाचे बांबू अजून देवळाच्या भिंतीला टेकून होते, तेवढ्यात गुणवंतानं विहिरीवरचा कॉक फिरवला आणि संत्र्याच्या बगीच्याचं पाणी तोडलं. वरूडकडे हे नवं नाही. मृगाचा बहार घ्यायचा तर भर उन्हाळ्यात झाड ताणावर सोडावं लागतं. पाणी बंद करायचं, बुडाची माती वखरून मोकळी करायची आणि ऊन खाऊ द्यायचं. आधी पान मलूल होतं, मग कडांनी आत वळतं, मग पिवळं पडून गळायला लागतं. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. आणि नेमक्या त्या वेळी पाणी फिरलं, की ते अंगभर फुलतं. नेमकी वेळ साधणं, तेवढंच काय ते कसब.

गुणवंताची आई पार्बताबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून पाहत होती. तिचे यजमान शेषराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. बगीचा त्यांनीच लावलेला. पण तिचं लक्ष झाडांकडे नव्हतं. काल्याच्या कीर्तनातलं बोलणं तिच्या कानातून जात नव्हतं.

बुवा अकोल्याकडचे. आवाज असा भरलेला की पहिलं चरण उचललं आणि मांडवातली रडकी लेकरंही गप्प झाली. निरूपण रंगात आलं तेव्हा बुवांनी हातानंच टाळकऱ्यांना थांबवलं. म्हणाले, तुमच्या गावात शिरताना दोन्ही अंगांनी संत्र्याचे बगीचे लागले. रोज पाणी पिणारं झाड नुसती पानं काढतं, बाप्पांनो. त्याचं पाणी तोडा, त्याला मरण दाखवा, मग त्याला फळाची आठवण होते. तुमच्या-माझ्या मनाचं असंच आहे. पुन्हा मृदंगावर थाप पडली, टाळ उसळले, आणि पार्बताबाईचे डोळे वाहायला लागले.

कीर्तनात तिचे डोळे वाहणं हे काही अपूर्व नव्हतं. आसपासच्या कोणत्याही गावी कीर्तन असलं की ती ऑटोत बसून जाई, आणि घरी आली की सुनेला पुढ्यात बसवून सगळं निरूपण चालीसकट पुन्हा सांगे. साधनालाही ते आवडे. त्या दिवशी मात्र पार्बताबाई घरी आली आणि काहीच बोलली नाही. साधना कणीक मळत होती. भरलेले दंड, गोल मनगट, केसांना चपचपीत तेल. पाणी मिळालेलं झाड, असं पार्बताबाईच्या मनात आलं. आलं ते तिथंच बसलं.

साधना परतवाड्याजवळची. लग्नाला सहावं वर्ष लागलं होतं आणि कूस उजवली नव्हती. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईनं तिचं रक्त काढलं, सोनोग्राफी केली, नळ्यांचा फोटो काढला. सगळं ठीक निघालं. मग बाई गुणवंताला म्हणाली, आता तुमची तपासणी, साधी असते. गुणवंत बरं म्हणाला. परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला तो वरूड येईपर्यंत. नंतर फवारणी आली, फवारणीनंतर फळांचा तोडा आला, तोड्यानंतर वखरणी. तपासणीचं काही जमलं नाही. साधनानं एकदोनदा आठवण केली. शेवटच्या खेपेला तो भरल्या ताटावरून उठला. ताट पाहून पार्बताबाईनं सुनेचीच समजूत घातली, की माणसाच्या जातीला असं बोलू नये, जिव्हारी लागतं. तिच्या मनात कपट नव्हतं. तिला खरंच तसं वाटे.

गावात ओटीभरण असलं की बोलावणं पार्बताबाईला येई. साधनाला मागाहून, आठवलं तर. शेजारच्या माणिकबाईच्या सुनेच्या डोहाळजेवणाला झोपाळ्याची सगळी फुलं साधनानं ओवली होती. झोपाळा द्यायची वेळ आली तेव्हा माणिकबाई हसतच म्हणाली, "राहू दे वं साधना. तुह्या हाताले घाम येते." बायका हसल्या, साधनाही हसली. घरी आल्यावर ती मोरीत बसून साबणानं हात धूत राहिली. पार्बताबाईनं ते दारातून पाहिलं होतं. सुनेवर तिचा जीव होता, यात खोटं काही नाही. पुढचं जे झालं ते जीव होता म्हणूनच झालं.

तिनं साधनाला व्रत सांगितलं. दिवस मावळेपर्यंत पाणी नाही. दिवा लागल्यावर एक भाकर, कोरड्या चटणीशी. तेल, दूध, गूळ बंद. पाऊस येऊन बगीच्याला पाणी फिरेल त्या दिवशी व्रत सुटेल. साधनानं विचारलं, व्रत कोणत्या देवाचं. पार्बताबाई थोडी अडखळली.

"देवाचंच हाये, माय. झाडाले करतो तसं. त्याले येते न बहार?"

एवढ्या वर्षांत साधनानं काय केलं नव्हतं? गोळ्या खाल्ल्या होत्या, नवस बोलली होती, पाय वर करून भिंतीला टेकून पडली होती, कोणीतरी सांगितलं म्हणून पिंपळाला गार पाणी घालून ओल्या लुगड्यानं घरी आली होती. त्यात हे एक. "मले चालते, आई," ती म्हणाली.

त्या दिवसापासून पार्बताबाईनंही रात्रीचं जेवण सोडलं. पाणी मात्र ती पीत होती.

वैशाख तापला. सासू-सून सकाळीच बगीच्यात जात. ताण बसलेल्या झाडाची सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढायच्या असतात. साधना कात्री घेऊन झाडाच्या पोटात शिरे. काटे लागत, हातावर पांढरे ओरखडे उठत. सुरुवातीला तिला घाम फुटे, चोळी पाठीला चिकटे. मग घाम कमी होत गेला. ओठांच्या कडा चिरल्या. दुपारी ती बुडाशी टेकून बसे तेव्हा कावळे चोच उघडी टाकून वरच्या फांदीवर धापा टाकत असत, आणि खाली गळालेली पानं पायाखाली कुरकुरत.

गुणवंताला सगळं दिसत होतं. एकदा तो आईला म्हणाला, पाणी तरी पिऊ दे तिला. पार्बताबाई म्हणाली, तू तुझा बगीचा पाह्य. बोलणं वाढलं असतं तर फिरून तपासणीवर आलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. आईच्या व्रतानं त्याची त्यातून सुटका केली होती. म्हणून तो लवकर निघे आणि बगीच्याच्या पार दुसऱ्या टोकाला वखर धरी.

अचलपूरचे व्यापारी जैनुद्दीनभाई दर वर्षी या बगीच्याची फळं झाडावर असतानाच विकत घेत. ताण कसा बसला ते पाहायला ते आले. चारदोन झाडं हिंडले, एका फांदीची साल नखानं खरवडली. हिरवी निघायला हवी होती, तपकिरी निघाली. दुसऱ्या झाडाचीही तशीच.

"काकू, बस करा आता," ते म्हणाले. "अर्धं पान गळालं की पानी सोडा लागते. हे झाड आता बहाराची तयारी नाई करून राहिलं. मरून राहिलं."

गुणवंत म्हणाला, विहिरीत आहे कुठे पाणी, मोटार नुसती हवा ओढते. आता पाऊस आला की एकदाच. जैनुद्दीनभाईंनी आभाळाकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. मग त्यांची नजर साधनाकडे गेली. झाडाला धरून ती उठत होती, उठता उठता डोळे मिटून थांबली. त्यांनी गाडीच्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. तिनं मान हलवली.

"भाभी बीमार हायेत का?"

"उपास हाये," पार्बताबाई म्हणाली.

"रोजे आमी बी ठेवतो, काकू. पन बीमार मानसाले माफी रायते त्यात."

पार्बताबाईला ते आवडलं नाही. संत्र्याचं काय ते तुमी पाहा भाऊ, असं ती म्हणाली आणि साधनाच्या हातातली कात्री घेऊन स्वतःच झाडात शिरली. संध्याकाळी देवापुढे बसली तेव्हा मात्र भजनाची ओळ तिच्या तोंडून पुढे सरकेना. तपकिरी साल डोळ्यापुढे येत राहिली.

रोहिणी नक्षत्र लागलं आणि एके सकाळी साधना चुलीशी येऊन उभी राहिली. उभं राहायला तिनं भिंत धरली होती.

"आई, या खेपी आलीच नाई."

पार्बताबाईनं हातातलं सारं खाली ठेवलं. पाळी कधी यायला हवी होती ते दोघींनाही पाठ होतं. त्या घराचं पंचांग तेच होतं. दिवस उलटून गेले होते. पार्बताबाई नारळ घेऊन देवळात गेली, तिथल्या तिथं बसून रडली आणि बुवांना मनोमन दंडवत घातला. कोणाला सांगायचं नाही असं ठरवून ती परत निघाली आणि वाटेतच माणिकबाईला सांगून बसली.

मग बायका यायला लागल्या. कोणी कैऱ्या आणल्या, कोणी चिंच. माणिकबाईनं स्वतःच्या हातानं साधनाला कुंकू लावलं. साधनाला उलट्या होत होत्या, तर बायका एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणत, पोरगा आहे वाटतं, फार छळते. गुणवंत गावातून ताठ मानेनं चालायला लागला. पानठेल्यावर कोणी टप्पल मारली तर हसून घेऊ लागला. वरूडहून येताना मेडिकलमधून त्यानं तपासायची पट्टी आणली. साधनानं ती कपाटात कपड्यांखाली सारली. एक रेघ तिनं इतक्यांदा पाहिली होती. दुसरी उमटायची वाट पाहत मोरीच्या उजेडात पट्टी तिरपी धरणं तिला आता नको होतं.

"चार दिवस राहू द्या," ती म्हणाली. "पाह्यलं की संपते."

व्रत सोडावं का, हा प्रश्न पार्बताबाईला पडला. कळी धरली की झाडाला पाणी देतातच. पण व्रत बोलली होती ती पाऊस येईपर्यंतचं. आणि ज्यानं फळ दिलं तेच मध्ये सोडलं आणि काही झालं तर? शेवटी दुपारी लिंबाचं पाणी चालेल असं तिनं ठरवलं. साधनानं दोन घोट घेतले आणि ओकून टाकले. एवढे दिवस उन्हात न मिळालेलं पाणी आता तिच्या पोटाला नकोसं झालं होतं. लघवीला जेमतेम एकदा होते आणि तीही काळ्या चहासारखी, असं ती सासूच्या कानात म्हणाली. पार्बताबाई म्हणाली, दिवस राहिले की होतं तसं. आणि रात्री, तिचे पाय चेपताना, पोटरीची कातडी चिमटीत आली ती सोडल्यावरही उभीच राहिली. खाली बसायला तिनं वेळ घेतला. पार्बताबाईनं पुन्हा चिमटी धरून पाहिली नाही. ती मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागली आणि घेतच राहिली.

दुसऱ्या दिवशी गुणवंताची शिदोरी द्यायला साधनाच निघाली. पार्बताबाईनं नको म्हटलं होतं, पण घरात बायकांची ये-जा होती आणि साधनाला त्या कुंकवाची, त्या हसण्याची भीती वाटायला लागली होती. झाडांच्या दोन ओळींमध्ये ती पडली. गुणवंताला आधी डबा दिसला, मग हात. अंगाला घामाचा टिपूस नाही, अंग तव्यासारखं. ती काहीतरी बोलत होती, झोपाळ्याचं, फुलांचं. त्याच्या हाकेनं शेजारच्या बगीच्यातले लोक धावले. जैनुद्दीनभाईंच्या पिकअपमधून तिथंच रिकामे कॅरेट उतरत होते. त्यांनी उरलेले कॅरेट रस्त्यावर फेकले, ताडपत्रीवर ओलं पोतं टाकलं आणि साधनाला घातलं. वाटेत घरावरून घेतलेली पार्बताबाई मागे बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन; गुणवंत मोटारसायकलनं मागोमाग आला. वरूड येईपर्यंत ती एकच सांगत होती, ड्रायव्हरला, पोतं भिजवणाऱ्या माणसाला, मध्ये फाटकाशी थांबले तेव्हा तिथल्या बायकांना: जपून रे बाप्पा, पोटुशी आहे.

दवाखान्यातही तिनं तेच सांगितलं. इथली डॉक्टरीणबाई तरुण होती, साधनाच्याच वयाची. तिनं रक्त नेलं, सलाईनची सुई लावली, लघवीची नळी घालून पिशवी बांधली, अंगावर बर्फाची फडकी टाकायला लावली. बऱ्याच वेळानं दोघांना आत बोलावलं.

"त्या गरोदर नाहीत."

पार्बताबाई म्हणाली, पाळी चुकली आहे बाई, उलट्या होतात. डॉक्टरीण म्हणाली, माहीत आहे. खायला काय देत होता? गुणवंतानं आईकडे पाहिलं. आईनं खाली पाहिलं. मग पार्बताबाईनं सांगितलं. भाकर, दिवा, बगीचा, सगळं. डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं पार्बताबाईला वाटलं.

"आजी, झाड मरायला टेकलं की बी टाकून जातं," ती म्हणाली. "बाईचं उलटं असतं. अंगाला अन्न-पाणी मिळेनासं झालं की ते आधी हेच दार बंद करतं. दुसरा जीव वाढवायला स्वतःजवळ काही असावं लागतं ना. दिवस राहिले नव्हते, पाळी थांबली होती. आता तिच्या मूत्रपिंडांना धक्का बसलाय. लघवी सुरू झाली तर आपण वाचलो. नाही झाली तर अमरावतीला हलवू."

मग तिनं अमरावतीच्या तपासण्यांचं विचारलं. साधनाचं सगळं ठीक होतं हे ऐकून ती गुणवंताकडे वळली आणि त्याची तपासणी कधी केली म्हणून विचारलं. दोघांचंही पाहावं लागतं, निम्मी गोष्ट पुरुषाचीच असते. तुम्ही उघड्या तोंडानं औषधं फवारता, तेही एक कारण असू शकतं, आणि बऱ्याचदा उपायही असतो. गुणवंत फरशीकडे पाहत उभा होता. बाहेर आल्यावर त्यानं गाडीची किल्ली काढली आणि म्हणाला, विहिरीत झिरपा होऊन थोडं पाणी जमलं असेल, निदान वरच्या ओळींना पाणी सोडून येतो.

"बगीचा मरू दे," पार्बताबाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण तिच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. बाकावरची माणसं तिच्याकडे पाहायला लागली.

"तुह्या बापानं लावला, मी वाढवला. मरू दे. त्या पोरीनं मरण पाह्यलं, कोनाच्या पायी? माह्या पायी, अन् तुह्या लाजेपायी. जाय, त्या बाईले सांग, माहं तपासून घ्या."

गुणवंत किल्ली हातात फिरवत उभा राहिला. मग भिंतीशी बसला.

साधनानं डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं. पार्बताबाई उशाशी होती. चमच्यानं थोडं थोडं पाणी द्या असं नर्स सांगून गेली होती. साधनाची जीभ जड होती.

"आई, राह्यलं न थे?"

पार्बताबाईच्या हातातला चमचा थांबला. हो म्हणणं सोपं होतं. निदान आजची रात्र तरी गेली असती. बुवांचं बोलणं तिला पुन्हा ऐकू आलं, टाळांसकट, आणि या वेळी त्यातला एक शब्द नीट कळला. बुवा मनाचं म्हणाले होते. मनाला ताण द्या म्हणाले होते. कुशीचं ते बोललेच नव्हते. ते तिनंच घरी येऊन जोडलं होतं.

"नाई, माय. नवतंच काई. तुही पाळी उपासानं थांबली. मी थांबवली."

रडायला साधनाच्या डोळ्यात पाणीही नव्हतं. पार्बताबाईनं चमचा पुढे केला. साधनानं तोंड फिरवलं.

"गिलास द्या इकडे."

तिनं तो स्वतःच्या हातात धरला. अर्धं पाणी गळ्यावरून उशीवर गेलं, पण तिनं सासूला हात लावू दिला नाही. थांबत थांबत प्यायली. मग म्हणाली, भावाला फोन करा. इथून मी परतवाड्याला जातो. ह्यायनं तपासून घेतलं, तं मंग बोलू. नाईतर बोलू नका.

दारात गुणवंत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला नाही. नोंदणीच्या खिडकीशी बसलेल्या माणसाजवळ गेला आणि काहीतरी विचारलं. त्या माणसानं मोठ्या आवाजात, साऱ्या बाकाला ऐकू जाईल असं, पुरुषांची तपासणी उद्या सकाळी असते म्हणून सांगितलं. गुणवंताचे कान लाल झाले. तो मान खाली घालून परत येऊन बाकावर बसला. सकाळपर्यंत तो तिथं असेल का, हे पार्बताबाईला सांगता आलं नसतं. किल्ली अजून त्याच्या मुठीतच होती.

साधना पुन्हा ग्लानीत गेली. डॉक्टरीण येऊन पिशवी पाहून गेली आणि कागदावर काहीतरी लिहून गेली. पार्बताबाई पलंगाजवळ खालीच बसली. आजवर तिनं देवाजवळ पुष्कळ मागितलं होतं, नातू तर रोजच मागितला होता. आता तिचे हात जोडलेले होते आणि डोळे पलंगाच्या दांड्याला लोंबणाऱ्या त्या रिकाम्या पिशवीवर होते. नळीतून पिवळा एक थेंब उतरावा, एवढंच ती मागत होती. नळी कोरडी होती. ती पाहत बसली.